मानाची जोडी आणि पाटाचं पाणी

माझं काम काय, हे मला आजवर कुणाला एका वाक्यात सांगता आलेलं नाही. एकदा लोधीखेड्याच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "मास्तरीण हाये का जी?"

मी नाही म्हटलं.

"नर्सबाई?"

तेही नाही.

"मंग करता काय?"

मी म्हटलं, "गावोगाव जाते आणि बघते. कोण कुणाच्या आधी जेवतं, कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, कोण कुठं बसतं."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "हे तं आमची सासू फुकट करते."

नागपूरला आमच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सर मानवशास्त्राचे प्राध्यापक. मी त्यांची सहायिका. विषयाचं नाव जड आहे, काम मात्र त्या सासूबाईंचंच. फरक एवढाच की आम्ही पाहिलेलं कुणाला सुनावत नाही.

मी मूळची सौंसरची. वडील तहसील कचेरीत. शिकले नागपूरला, नन्सच्या शाळेत. त्यामुळे अभ्यास इंग्रजीत झाला. जेवण आणि भांडण तेवढं मराठीत राहिलं. बोलण्याची हौस मला कधीच नव्हती. घरात त्याला घुमेपणा म्हणत. सरांनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं की मला या कामावर घेण्याचं कारण तेच आहे. "तुम्ही मध्ये बोलत नाही. माणसं मग आपणहून बोलतात."

आईला हे पटलं नाही. ती म्हणायची, "सोयरिकीची माणसं आली तं त्याईले काय सांगू? पोरगी पंगती पाह्यत फिरून राहिली म्हणून?" तरी कामावर निघताना डब्यात पोळ्या जास्तीच्या असायच्या.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणसामाणसांतली उच्चनीचता सगळीकडे सारखी नसते, ती किती आहे हे ओळखायची काही रीत हवी. आमचे सर त्यासाठी समाजांचे तीन प्रकार करत. पहिल्यात मानाच्या जागा मोजलेल्या नसतात. जितकी माणसं लायक तितक्या जागा. आज ज्यानं शिकार आणली त्याचं कौतुक, उद्या दुसऱ्यानं आणली की त्याचं. तो मान साठवून ठेवता येत नाही आणि मुलाच्या हवालीही करता येत नाही. दुसऱ्या प्रकारात मानाच्या जागा थोड्या असतात आणि त्या ठरलेल्या घरांत जातात. पण रान, पाणी, जमीन सगळ्यांना मोकळी असते. मानकऱ्याला पहिलं आसन मिळतं, जेवण इतरांएवढंच. उलट त्यानं वाटायचं असतं, आणि वाटता वाटता कित्येकदा त्याच्याच घरात कमी पडतं. तिसऱ्या प्रकारात, ज्याच्यावाचून जगता येत नाही तेच काही घरांच्या हातात असतं. बाकीच्यांना ते मागावं लागतं. कधी त्याची किंमत कष्टांत द्यावी लागते, कधी नुसती मान खाली घालून.

म्हणजे पहिल्यात मान मोकळा, दुसऱ्यात मान बांधलेला, तिसऱ्यात पाणी बांधलेलं. हे वाक्य माझं आहे, सरांचं नाही. त्यांची वाक्यं लांब असत.

सर म्हणायचे, फेट्याकडे पाहू नका, घागरीकडे पाहा. फेटा बघणं सोपं असतं. पांढुर्ण्याच्या एका व्यापारी घरच्या लग्नात मी पंगतीचा क्रम पाहत भिंतीला टेकून उभी होते. नवरीच्या मावशीनं मला मुलाकडची समजून आग्रहानं पहिल्या पंगतीत बसवलं. मुलाकडच्यांना वाटलं, मी मुलीकडची. दोन्हीकडून इतका आग्रह झाला की उठता येईना. अंगी मान नसताना मान मिळतो कसा, याचा तो माझा पहिला अनुभव, आणि ताटात पडत राहिलेल्या जिलबीचाही. त्यानंतर कित्येक महिने मला जिलबी पाहवली नाही.

ज्या गावाबद्दल लिहायचं आहे ते सौंसर तहसिलीत, मोहगावच्या बाजूला. नाव देत नाही. आमच्या कामात गावाचं खरं नाव छापायचं नसतं. वस्ती मुख्यतः कुणब्यांची, कापूस आणि संत्र्यांची. गावाच्या उताराला वेगळी वस्ती होती, तिला टोला म्हणत. तिथं मजुरी करणारी घरं, जास्त महारांची, काही गोंडांची.

ते वर्ष राज्यं नव्यानं मांडली जाण्याचं होतं. नागपूर मुंबईच्या राज्यात चाललं होतं आणि सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहणार असं दिसत होतं. हातात कागद घेतलेली शिकलेली बाई गावात आली म्हणजे ती त्याचसाठी, असं लोकांनी ठरवूनच टाकलं. मी जेवणाच्या रीती विचारल्या की ते मला राज्याबद्दल सांगत. "लिवा बाई, आमचे सोयरे सगळे काटोल-नरखेडले. पोरीले भेटाले आता दुसऱ्या राज्यात जावं काय?" मी म्हणायची, ते माझ्या हातात नाही. ते म्हणायचे, तरी लिवा. मी लिहून घ्यायची. वडिलांच्या कचेरीतही त्या दिवसांत दुसरं बोलणं नव्हतं.

या गावाला मालगुजार होता. इंग्रजांच्या काळात अख्ख्या गावाचा सारा भरणारा आणि म्हणून गावाचा मालक समजला जाणारा. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी कायद्यानं गेली, कुळांच्या नावावर जमिनी चढल्या, पंचायत आली. म्हातारे मालगुजार मात्र होते तोवर मालकच राहिले. आम्ही गेलो त्या उन्हाळ्यात ते वारले. मागं त्यांच्या पत्नी. सगळा गाव त्यांना मालकीणबाई म्हणायचा. मुलगा नागपूरला वकिली करत होता आणि त्याला गावात रस नव्हता.

सरांचा अंदाज असा होता की हे गाव आता तिसऱ्या प्रकारातून दुसऱ्यात येत आहे. जमीन वाटली गेली, मत सगळ्यांना सारखं. उरला तो फक्त मान. आणि मानाचा प्रश्न पोळ्याला निघणार होता.

आमच्याकडे पोळ्याला गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळ्या बैलजोड्या शिंगं रंगवून, झुली घालून तिथं उभ्या राहतात. मानाची जोडी तोरणाखालून पहिली जाते, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. ही मानाची जोडी आजवर मालगुजाराची होती. आता मालगुजार नव्हता, मालगुजारीही नव्हती.

सरपंच किसनजी चाळिशीचे, संत्र्याच्या बागेचे मालक, बोलायला मोकळे. मंदिराच्या ओट्यावर बैठक भरली तेव्हा ते म्हणाले, "मालगुजारी गेली, मंग मान काहून राह्यला? आता पंचायत गावाची मालक हाये. जोडी पंचायतीची पुढं जाईन."

"पंचायतीची जोडी कोनती जी?" कुणीतरी मागून विचारलं.

"सरपंचाची."

"म्हंजे तुमची."

"आता मी सरपंच हाओ, तं माह्या बैलाईनं काय करावं बाप्पा?"

लोक हसले आणि फैसला झाला. मालकीणबाईंना विचारायला दोघं गेले. मी त्यांच्या मागं होते. मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या, आतच, आणि म्हणाल्या, "न्या जी. जोडी तुमची पुढं न्या. मी काई भांडाले येत नाई." आवाज अगदी साधा. दोघं सुटल्यासारखे परत फिरले.

पोळा छान झाला. किसनजींची जोडी, शिंगांना हिंगूळ, कपाळावर आरशाची पट्टी, तोरणाखालून पहिली गेली. मालकीणबाईंची जोडी सातव्या-आठव्या ठिकाणी निमूट गेली. सर खूश होते. मान एका घरातून दुसऱ्या घरात आमच्या डोळ्यांदेखत गेला, काठीसुद्धा उगारली गेली नाही. दुसऱ्या दिवशी ते गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेकीची जत्रा, पाहायला पांढुर्ण्याला गेले आणि तिथंच ओळखीच्यांकडे पंधरा दिवस राहिले. मी गावात शाळेच्या गुरुजींच्या घरी उतरले होते, तिथंच थांबले.

आता पाण्याचं. मालकीणबाईंच्या बागेत मोठी विहीर होती, तिच्यावर मोट. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून निघणाऱ्या उतरत्या वाटेवरून, खाली गेले की कातड्याची मोट भरून वर यायची, पाणी काठावरच्या थारोळ्यात पडायचं आणि पाटानं बागेत जायचं. तो पाट कुंपणाखालून थोडा बाहेर निघायचा. टोल्यातल्या बायका तिथं घागरी भरत. गावात आणखी दोन विहिरी होत्या, पण टोल्याच्या घागरीला तिथं मनाई होती. नव्या राज्यघटनेनं ती मनाई गुन्हा ठरवली होती. गावाला ते माहीतही होतं, आणि तरी मनाई होती.

उन्हाळ्यात बागेसाठी मोट चालायचीच. पावसाळ्यात झाडांना पाणी लागत नाही. तरीही रोज सकाळी घटकाभर मोट चालायची ती केवळ टोल्यासाठी, कारण नाल्याला तेव्हा गढूळ पूर असतो. मालगुजाराच्या घरची ती रीत होती. दोन पावसाळ्यांपूर्वी मोटेचा नाडा तुटून काही दिवस मोट बंद राहिली होती. तेव्हा नाल्याचं पाणी पिऊन टोल्यात हगवण पसरली. कौसाबाईचा धाकटा मुलगा तिच्यात गेला.

कौसाबाई टोल्यातल्या. निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांच्या पुढारीच म्हणा. माझ्याशी त्याच पहिल्यांदा बोलल्या होत्या: "तुमी बोलत नाई, पर ऐकता बाकी मन लावून." त्यांची मुलगी सीता तेव्हा बाळंतपणाला आलेली होती. पोळ्याच्या आधल्या आठवड्यातच मुलगा झाला होता.

पोळ्याच्या दिवशी मोट बंद. दुसऱ्या दिवशीही बैलांना आराम, त्यामुळे कुणी काही मनावर घेतलं नाही. तिसऱ्या सकाळी बायका कुंपणापाशी रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. मीही त्यांच्यात होते. पाट कोरडा होता. ऊन वर आलं तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला नाही. शेवटी कौसाबाई मालकीणबाईंच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"माय, मोट नाई चालली."

"नाई चालली," मालकीणबाई म्हणाल्या. तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. "कौसे, थे मोट मालगुजाराची होती. पावसात बैल जुंपाची मले हौस नोहती. गावाचा मान घरात होता म्हणून थे घरावर होतं. आता मान तिकडं गेला. ज्याचे बैल पुढं, त्याची मोट. त्याले माग."

"पर माय, विहीर तं तुमची हाये."

"विहीर माही हाये. म्हणूनच सांगून राहिली."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बायका तशाच किसनजींकडे गेल्या. किसनजी गोठ्यात होते. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "पाण्याचं मले कोनं सांगतलं? मी तोरणाचं बोललो होतो."

"तोरणासंगं पाणी होतं जी," कौसाबाई म्हणाल्या.

"माह्या बागेतली विहीर दीड कोसावर. तिथून पाट आणू काय?"

मी कामात सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "गावच्या विहिरीवर भरलं तर? आता कायद्यानं मनाई करता येत नाही."

किसनजींनी माझ्याकडे न पाहता बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "कायदा भोपाळले राह्यते का नागपूरले, थेच अजून ठरून राहिलं बाई." मग जरा खाली आवाजात, "मी हो म्हटलं तं उद्या माह्या घराले कोनी तिथं पाणी भरू देनार नाई. समजून घ्या."

समजलं मला. त्यांचं घर त्या विहिरीचं मालक नव्हतं, तरी तेही तिला बांधलेलं होतं.

त्यानंतर जे घडलं त्याला कुणी संप म्हटलं नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला, लांबवर, वाळूत झिरा उकरला की स्वच्छ पाणी झिरपतं. टोल्यातल्या बायका पहाटे तिकडे जायला लागल्या. वाटी वाटीनं घागर भरायची, मग परत यायचं. कौसाबाई सीतेसाठी ते पाणी ओल्या लाकडांवर उकळायच्या. झोपडीत धूर इतका की बाळ रडून लाल व्हायचं. निंदायला पोचेपर्यंत दुपार. कपाशीत तण गुडघ्याला आलं. शेतकरी चिडले. "काहून वो, उशीर काहून?" कौसाबाईंचं उत्तर एकच: "पाणी भरून राहिलो होतो जी." ना तक्रार, ना आवाज चढलेला.

सर पांढुर्ण्याहून परतले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. आम्ही शाळेच्या बाकावर बसलो होतो.

"म्हणजे मान गेल्यामुळे पाणी गेलं," ते म्हणाले. "दुसऱ्या प्रकारातला मानकरी वाटतो, तसंच हे. मानाबरोबर वाटण्याची जबाबदारी होती. ती लोक विसरले."

"पण सर, पाणी आधीही त्यांच्याच हातात होतं," मी म्हटलं. "रोज मिळायचं, म्हणून ते मागणं दिसत नव्हतं एवढंच. मिळणं म्हणजे हक्क नव्हे."

"तुमचं म्हणणं, गाव तिसऱ्यातून हललंच नाही?"

"टोल्यासाठी नाही हललं."

सरांनी चष्मा पुसला. त्यांचा अंदाज मोडत होता, आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं. मग म्हणाले, "असंच लिहा. माझा अंदाज वर ठेवा आणि त्याच्या खाली हे." मला त्यांच्याबद्दल आजही जो आदर आहे, त्यात त्या वाक्याचा वाटा मोठा आहे.

कपाशीतल्या तणानं शेवटी किसनजींना मालकीणबाईंच्या दाराशी नेलं. "काकी, मोट चालवा. कपाशी चालली हातची."

"माहे बैल मागचे हायेत किसन," काकी म्हणाल्या. "मानाचे आण."

आणि दुसऱ्या सकाळी मी ते पाहिलं. किसनजींची जोडी, शिंगांवरचा हिंगूळ अजून उडालेला नाही, मालकीणबाईंच्या मोटेला जुंपलेली. मोट वर ओढताना बैल धाव उतरत पुढं जातात. मोट पुन्हा विहिरीत सोडायची तर त्यांना धावेवर मागं मागं चढावं लागतं. गावाची मानाची जोडी रोज सकाळी उलट्या पावलांनी चालू लागली. ज्यांनी ओट्यावर हसून फैसला केला होता ते मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहायला यायचे.

"सरपंच, जोडी मागं चालली का हो गावाची?"

"पानी पुढं चाललं ना बाप्पा, झालं तं!" किसनजी ओरडून म्हणायचे. पण दर दिवशी जरा कमी मोठ्यानं.

पाट वाहू लागला. सीतेच्या झोपडीतला धूर कमी झाला. मला वाटलं, मिटलं. कौसाबाईंना तसं वाटलं नव्हतं. पाटावर घागर भरताना त्या मला म्हणाल्या, "कालपर्यंत एका घराले मागत होतो. आता दोन घराईले मागावं लागते. एकाची विहीर, एकाचे बैल." पंचायतीच्या पुढच्या बैठकीला त्या टोल्यातल्या बायका-माणसांना घेऊन गेल्या आणि ओट्याखाली उभ्या राहून बोलल्या. "या गावातली दरेक विहीर आमच्या माणसाईनं खोदली. एक आमच्यासाठी खोदतो. आमाले मोट नको, बैल नको. जागा द्या."

टोल्यामागं पडीत जमीन होती, मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेली. तिच्यावर पंचायत हक्क सांगू शकत होती. सरपंचाला रोज सकाळी दुसऱ्याच्या मोटेवर आपली जोडी मागं चालवणं नकोसं झालं होतंच. त्यांनी इतक्या पटकन हो म्हटलं की दोघं-तिघं खोकले. सुरुंगाची दारू पंचायत देईल, मेहनत टोल्याची, असं ठरलं. तोवर पाट चालू राहील.

कापूस वेचून झाल्यावर खोदकाम सुरू झालं. मी नागपूरला होते. मध्ये खडक लागला असं कळलं, मग काही कळलंच नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी निरोप आला की पाणी लागलं. तोवर सौंसर खरोखरच दुसऱ्या राज्यात राहिलं होतं. सर मला निघताना म्हणाले, "जा, आणि नीट पाहा. पहिली घागर कुणाची भरते ते सांगा मला. नव्या विहिरीवर मान कसा तयार होतो, हे पाहायला फार कमी लोकांना मिळतं."

सरांचं बरोबर होतं. मी पोचले तेव्हा विहिरीच्या काठावर तोच वाद चालला होता. गोंड घरं म्हणत होती, जागा आमच्या म्हाताऱ्यानं दाखवली, त्यानं सांगितलं इथं पाणी हाये, तर पहिली बादली आमची. महारांची घरं म्हणत होती, खडक आम्ही फोडला. किसनजीही आले होते, नारळ घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की कुणी आग्रह केला तर त्यांचीही ना नव्हती. कुणी आग्रह केला नाही. आवाज चढत चालले होते. मी नेहमीसारखी बाजूला उभी राहून पाहत होते आणि खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, हेही दुसऱ्या प्रकारात निघालं.

कौसाबाई सीतेच्या लेकराला कडेवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते सीतेकडे दिलं आणि उठल्या. "दोऱ्या आना," त्या म्हणाल्या.

"कोनाच्या?"

"सगळ्याईच्या. काठावर उभ्या राहा चहूकडून. मी म्हनन तवा सोडा."

"अवो कौसाबाई, गुंता होईन!"

"होऊ दे."

बायका विहिरीभोवती गोल उभ्या राहिल्या. कौसाबाईंनी हाक दिली आणि बादल्या, घागरी, डबे, सगळं एकदम खाली गेलं. खाली जो धडाका झाला त्यानं झाडावरचे कावळे उडाले. मग ओढायला लागल्या तर एकीची दोरी दुसरीच्या कडीत, दुसरीची तिसरीच्या गळ्यात. एक गोंड बाई ओढायची आणि समोर महारांची सून ओरडायची, "अवो माही घागर कुठं नेऊन राहिल्या!" बायकांना हसू आवरेना आणि हसता हसता हातातल्या दोऱ्या सुटायला लागल्या. पुरुष मदतीला पुढं झाले तर त्यांना मागं ढकललं.

"लिवा बाई," कौसाबाई दोरीला लोंबकळत मला म्हणाल्या, "कोनाची पहिली आली थे लिवा!"

मी काठावर वाकून पाहिलं. दोऱ्यांच्या एकाच गाठीला लटकून सात-आठ भांडी हेलकावत वर येत होती. कुठलं कुणाचं ते त्यांच्या मालकिणींनाही सांगता येत नव्हतं. काठाशी येईपर्यंत निम्मी उपडी झाली. बायकांनी गुंता सोडवला, दम खाल्ला, आणि जिच्या हातात जी दोरी आली तीच पुन्हा खाली सोडली.